नावाड्यावर घेतलेला आळ

भिंग भित्रा आहे हे त्याच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. तो नक्की कशाला भितो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याच एका आडोशाला बसून त्याने अर्धा जन्म काढला होता.

आता भित्रा म्हणजे किती, तर घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणार, जिना उतरल्यावर पुन्हा वर येऊन चौथ्यांदा बघणार. लिफ्टमध्ये दुसरं कोणी शिंकलं तरी "सॉरी" हा म्हणणार. ऑफिसात जागा निवडली तीही अशी, की पाठीला भिंत, डाव्या हाताला खांब आणि उजवीकडे फोटोकॉपीचं बंद पडलेलं मशीन. त्याच्या पडद्यावर काय चाललंय ते एक त्याला दिसावं, नाहीतर भिंतीवरच्या पालीला. "काका, बँकबिंक लुटायचा बेत आहे का?" असं पोरंपोरी विचारायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी काका म्हणवून घ्यायला त्याला मुळीच आवडायचं नाही, पण तेही भीतीपोटी त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

कामाला मात्र पक्का. पूर्वी तो एका छापखान्यात वेळापत्रकांची मुद्रितं तपासायचा. पोचायची वेळ सुटायच्या वेळेआधीची छापली गेली तर त्याला दोन दिवस जेवण जायचं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा तोच डोळा घेऊन तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत शिरला. काम एकच: गेम लोकांच्या हातात जाण्याआधी आठ-आठ तास खेळायचा आणि चुका, ऑफिसच्या भाषेत बग, शोधून रिपोर्ट लिहायचा. कुठे घोडा भिंतीत अडकतो, कुठे मेलेला सरदार पुढच्या प्रकरणात निवांत जेवायला बसतो. सहा वर्षांत त्याचा एकही रिपोर्ट खोटा निघाला नव्हता, म्हणून नाव पडलं भिंग. ज्या थोरल्या बहिणीच्या घरात तो राहायचा ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि त्याला अजून बाळ्याच म्हणायची. शेजारणींना सांगायची, "आमचा बाळ्या खेळायचा पगार घेतो. लहानपणी खेळू नको म्हणून बडवला, ते सगळं फुकट गेलं."

ज्यांनी असले गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या जातीच्या गेममध्ये खेळणारा एक सोंग घेतो. पुरुष व्हा, बाई व्हा, तुमची मर्जी. मग एका राज्यातून भटकायचं, लढायचं, आणि वाटेत सोबती गोळा करायचे. सोबत्याने काही विचारलं की पडद्यावर तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. प्रत्येक सोबत्याच्या मनात गुणांची एक गुप्त पाटी असते. गोड बोललात, आवडीची भेट दिलीत, की गुण वाढतात. साठाला मैत्री, नव्वदाला प्रेम. खऱ्या जगात हे इतकं सोपं असतं तर निम्मे कवी बेकार झाले असते.

कोण कोणावर भाळणार याचेही नियम असतात. जुन्या गेममध्ये प्रश्नच नव्हता. खेळणारा पुरुष, कड्यावरच्या किल्ल्यात राजकन्या, विषय संपला. पुढे कंपन्यांना वाटलं, भांडण कशाला. त्यांनी असे सोबती काढले की जे समोर येईल त्याच्या प्रेमात पडतात. ऑफिसातला प्रोग्रॅमर, ज्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, तो अशांना "उघड्या फाटकाचे" म्हणायचा. तिसरा प्रकार अवघड. त्यात सोबत्याला स्वतःचा कल असतो. तो तुमच्याकडे बघून ठरत नाही, तो त्याचा आधीपासून असतो. तुम्ही कितीही भेटी द्या, कल नसेल तर तो हसून नाही म्हणणार.

भिंग विशीपासून असले गेम खेळत आला होता, आणि आता चहाड्या करायला बसलोच आहोत तर हेही सांगून टाकू: प्रत्येक गेममध्ये त्याने बाईशीच जमवलं. राजकन्या, वैदीण, चेटकीण, एकदा तर दोन तोंडांची जलपरी. घरात एकटा असला, पडदे ओढलेले असले, तरीही. कारण गेम शेवटी पदकांची यादी दाखवतो, त्यात कोणाशी जमलं तेही असतं, ती कुठेतरी जपून ठेवली जाते, आणि कधीतरी कोणीतरी बघेल. सोंगातसुद्धा त्याने दुसरं सोंग घेतलं होतं. पुरुष सोबती समोर आला की तो सर्वांत कोरडं उत्तर निवडायचा आणि त्याचे कान तापायचे.

असा हा माणूस, आणि नव्या गेममधला नावाडी नेमका त्याच्या वाट्याला आला.

गेममध्ये सहा सोबती होते. चार उघड्या फाटकाचे. पाचवी चिलखतं बनवणारी, तिला फक्त पुरुष आवडायचे. सहावा नावाडी, त्यालाही फक्त पुरुष. हे लेखिकाबाईंनी ठरवलं होतं. बाई गेमचे सगळे संवाद लिहायच्या; दोन हजार पानांचा गठ्ठा त्यांनी साहेबांपुढे ठेवला होता आणि साहेबांनी तो मनगटाने तोलून सही केली होती. वाचला कोणी? भिंगने. तेही वाचला नाही, खेळला.

पाच प्रकरणं तो नावाडी होडी वल्हवतो आणि फारसं बोलत नाही. हाताला घट्टे, डाव्या भुवईत जखमेची खूण, पाण्याकडे बघून बोलायची सवय. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी पैलतीर येतो. तो वल्हं आडवं ठेवतो, पहिल्यांदा सरळ समोर बघतो आणि विचारतो, "उतरणार आहेस, की थांबतोस?"

खाली तीन उत्तरं. उतरतो. थांबतो. आणि तिसरं, नुसतं गप्प राहणं.

भिंगला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्याने हात माउसवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. "उतरतो"वर बाण नेला, काढला. "थांबतो"वर नेला, काढला. पडद्यातलं पाणी हलत होतं, नावाडी वाट बघत होता. गेममधली माणसं वाट बघताना कंटाळत नाहीत, हे त्यांचं फार चांगलं असतं. पलीकडे कोणीतरी डबा उघडला तेव्हा भिंग भानावर आला. घाईघाईने त्याने "उतरतो" दाबलं आणि घड्याळ बघितलं.

अडतीस मिनिटं झाली होती.

त्या क्षणी त्याचं धाबं दणाणलं. कारण या ऑफिसात एक रेकॉर्डर होता. तपासणारा प्रत्येक प्रश्नावर किती वेळ थांबला, तेवढी उंच पट्टी तो काढायचा. लोक साधारण पाच-सहा सेकंद थांबतात. दर सोमवारी साहेब त्या पट्ट्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावायचे आणि कुठली पट्टी जास्त उंच झाली तर सगळ्यांसमोर विचारायचे. चहाला गेलो होतो, असं सांगायची सोय नव्हती. माउसचा बाण कुठे कुठे फिरला तेही रेकॉर्डर टिपायचा. अडतीस मिनिटं, दोन उत्तरांच्या मध्ये, दोनशेच्या वर येरझारा.

शनिवार-रविवार तो जेवला नाही. ताईने दुकानातून पोटाच्या गोळ्या आणल्या, त्या त्याने मुकाट्याने घेतल्या. डोळे मिटले की मोठा पडदा दिसायचा, त्यावर बुटक्या पट्ट्यांच्या रांगेत एक मनोरा, आणि अठरा माणसं मागे वळून बघतायत. मग कोणीतरी हसणार. मग कोणीतरी बाहेर सांगणार. बाहेरचं माणूस औषधांच्या दुकानात जाणार. इथपर्यंत आलं की तो उठून दाराची कडी बघून यायचा.

आणि भ्यालेला माणूस करतो तेच त्याने केलं: पळायला वाट दिसली तशी पळाला, ती कोणाच्या अंगणातून जाते ते बघितलं नाही. सोमवारी सकाळी ऑफिस उघडताच त्याने रिपोर्ट टाकला. "नावाडी पुरुष खेळाडूशी सलगी करतो. खेळाडू पुरुष की बाई हे बघायची अट उलटी पडली असावी. पुन्हापुन्हा पडताळून पाहिले, अडतीस मिनिटे लागली. तीव्रता: गंभीर." म्हणजे अडतीस मिनिटं काम ठरली. येरझारा पुरावा ठरल्या.

मीटिंगमध्ये मनोरा आला. भिंगची पाचावर धारण बसली. 

साहेब म्हणाले, "हे बघा. याला म्हणतात तपासणं. तुम्ही लोक सहा सेकंदांत पुढे पळता. आमचा भिंग एका प्रश्नावर अडतीस मिनिटं बसला आणि बग घेऊनच उठला."

मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच. चिलखतवालीच्या अटीची ओळ नावाड्याला उतरवली आणि बदलायची राहिली असणार. सकाळीच दुरुस्त केलं मी. आता नावाडी फक्त बायकांचा."

"बायकांसाठी संवाद आहेत का त्याला?"

"नाहीत. म्हणजे तो प्रसंग बंदच पडेल. होडी लागली की 'उतरा' म्हणेल आणि जाईल."

"जाऊ दे. गुरुवारी पाचला आवृत्ती कुलूपबंद करायची आहे, मग बदल नाहीत. नवीन लिहायला वेळ कोणाला आहे?"

झालं. मनोरा पडद्यावरून गेला. भिंग वाचला होता. तो जागेवर येऊन बसला तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याने नवी आवृत्ती उघडली, पाचव्या प्रकरणाच्या शेवटाशी गेला, आणि बघितलं. होडी तीराला लागली. नावाडी पाण्याकडे बघत "उतरा" म्हणाला. वल्हं आडवं ठेवलंच नाही.  आपण एका माणसाचं तोंड बंद केलं, असं भिंगला वाटलं, आणि वर त्याला शाबासकीही मिळाली होती.

लेखिकाबाई आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. बुधवारी आल्या, बदलांची यादी वाचली आणि तडक साहेबांकडे गेल्या. केबिनची काच बंद होती, तरी हातवारे सगळ्यांना दिसले. मग खांबाला वळसा घालून त्या भिंगच्या टेबलाशी आल्या, जिथे सहसा कोणी येत नसे, आणि बंद पडलेल्या मशीनवर टेकल्या.

"काय हो, भिंग. माझा नावाडी खटकला का तुम्हाला?"

"नाही म्हणजे... अट उलटी वाटली."

"उलटी नव्हती. मी तसाच लिहिलाय त्याला. साहेबांना सांगितलं मी. ते म्हणतात, सहा वर्षांत भिंगचा एक रिपोर्ट चुकला नाही. तो स्वतः मागे घेत असेल तर उघडतो, नाहीतर आयत्या वेळी हात लावणार नाही." त्या पुढे म्हणाल्या, "वीस वर्षं लिहितेय मी. या जातीचा माणूस गेममध्ये लिहिला तर एकतर मेला पाहिजे, नाहीतर विदूषक पाहिजे, असंच सगळीकडे. हा नुसता होडी चालवतो. त्याला हसू नये कोणी, एवढंच हवं होतं मला."

भिंगने कीबोर्ड उगाच सरळ केला.

"आणि एक सांगू? अट उलटी आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. एकदा पुरुष होऊन खेळा, एकदा बाई होऊन. अडतीस लागत नाहीत."

हे त्या हळूच बोलल्या, रागाने नाही. पण भिंगच्या डोक्यात एकच घुमायला लागलं: बाईंना कळलंय. त्यांना कळलंय, आणि आता त्या उठून हे कोणाला तरी सांगतील. बाई तर मशीनच्या झाकणावरची धूळ पदराला लागली ती झटकत निघून गेल्या. भिंग अर्धा तास स्वच्छतागृहात कडी लावून बसला.

संध्याकाळी जेवताना ताईने त्याच्याकडे रोखून बघितलं. "पोट बरं आहे, तोंड का असं?"

"ऑफिसात एकावर खोटी तक्रार झालीय."

"कोणावर?"

"आहे एक. होडी चालवतो." आता होडीवाला ऑफिसात कुठून आला, हे ताईने विचारलं नाही. बाळ्याच्या ऑफिसात घोडेही होते, हे ती ऐकून होती.

"तक्रार कोणी केली?"

भिंगने घास चिवडला. "मीच."

"तू? खोटी? अरे, तू तर भाजीवाल्याने जास्त मिरच्या टाकल्या तरी परत देऊन येतोस. का केलीस?"

"भीती वाटली."

"कसली?"

याचं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं, खरं सांगायचं तर इतकं जवळ आलं होतं की त्याने पाण्याचा पेला उचलून ते मागे ढकललं. पेला दातांवर वाजला. ताईने तो आवाज ऐकला. तिने त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. "तक्रार मागे घेता येते?"

"येते. उद्या पाचपर्यंत."

"मग घे की."

"मला भीती वाटतेय, ताई."

"वाटू दे ना. घाबरत घाबरत घे. न घाबरता घ्यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

गुरुवारी भिंग सकाळपासून ते पान उघडत होता आणि बंद करत होता. रिपोर्ट मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागायचं, आणि ते कारण आपोआप सगळ्या अठरा जणांना जायचं. दुपारी चार वाजता त्याने लिहिलं: "नजरचूक." पाचव्या मिनिटाला मिस्त्रीने परत पाठवलं. मिस्त्री कामाचा काटेकोर, त्याने शेरा मारला, "गंभीर रिपोर्ट आहे. नजरचूक म्हणजे नक्की काय? मला अट पुन्हा फिरवायची तर नीट कळायला हवं."

सव्वाचार. साडेचार. खांबापलीकडे लोक बाटल्यांत पाणी भरत होते, हसत होते.  आपण काही केलं नाही तरी चालेल, हे भिंगला कळत होतं. अर्धा तास नुसतं बसायचं. बसण्यात तो पटाईत होता. नावाडी कुठला खरा आहे, त्याचं काय दुखणार? आणि कोणी दूरवर, आपल्यासारखा पडदे ओढून खेळत असेल, त्याला कळणारही नाही की इथे कोणी एक प्रश्न विचारणार होतं.

त्या शेवटच्या विचाराने त्याचा घात केला.

त्याने लिहिलं: "बग नाही. अट बरोबर आहे, नावाडी बरोबर आहे. मला तो प्रसंग आवडला म्हणून मी तिथे इतका वेळ थांबलो. ते कोणाला कळू नये म्हणून रिपोर्ट टाकला. चूक माझी." आणि पुन्हा वाचायच्या आत पाठवलं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने जन्मात पहिल्यांदा काहीतरी न तपासता पाठवलं होतं.

आधी खिडकीजवळचा कॉम्प्युटर टुंग वाजला. मग दारापासचा. मग सगळे, एकामागून एक. बोलणी थांबली. भिंगने खुर्ची खांबाच्या आड सरकवली. एक पोरगा काहीतरी कुजबुजला आणि दुसरा खिदळला.  तिसऱ्या कोणीतरी "ए, गप रे" म्हटलं. 

पावलं ऐकू आली. मिस्त्री खांबाला वळसा घालून आला. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे काहीच कळत नव्हतं.

"फिरवली अट," तो म्हणाला. "पण नियम माहीत आहे ना. ज्याने रिपोर्ट टाकला त्यानेच खेळून बघायचं, दुसऱ्याच्या समोर. मगच बंद होतो."

"आत्ता?"

"दहा मिनिटं आहेत. पुरेत?"

भिंगने पुरुषाचं सोंग उघडलं. मिस्त्री मागे उभा राहिला. भिंत आणि खुर्ची यांच्यात जागा नव्हती म्हणून मशीन सरकवून टेबल तिरकं करावं लागलं, आणि टेबल वळलं तसा पडदा अर्ध्या ऑफिसाला दिसू लागला. लेखिकाबाई येऊन थांबल्या. साहेबही केबिनमधून बाहेर आले, हातात किल्ल्या. पाठीमागे इतकी माणसं भिंगने कधी सहन केली नव्हती. 

होडी तीराला आली. नावाड्याने वल्हं आडवं ठेवलं आणि समोर बघितलं.

"उतरणार आहेस, की थांबतोस?"

माउस हातात नीट राहत नव्हता, बाण पडद्यावर भरकटत होता.  भिंगने डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला, बाण आणला आणि "थांबतो" दाबलं.

पुढचं त्यानेही कधी बघितलं नव्हतं. नावाड्याने मान हलवली, होडी फिरवली आणि नदीच्या मध्यावर नेऊन सोडून दिली. मग तो सरकून शेजारी बसला. दोघांचे खांदे टेकले. दोन मिनिटांचा प्रसंग, त्यात संवाद एकही नाही.

साहेबांनी घसा साफ केला. टोमणा येणार म्हणून भिंगने डोळे मिटले. "पाणी बरं जमलंय," साहेब म्हणाले, आणि आपल्याला अजून काही सुचत नाही हे लक्षात येऊन परत गेले. बाकीचेही पांगले. काही जण जरा जास्तच लगबगीने. उद्या कॅन्टीनमध्ये कोण शेजारी बसेल आणि कोण डबा उचलून दुसरीकडे जाईल, याची यादी भिंगच्या डोक्यात तिथेच तयार होऊ लागली होती.

लेखिकाबाई मात्र पांगल्या नाहीत. पडद्यावर दोघं बसलेलेच होते.

"चालतंय?" मिस्त्रीने विचारलं.

"चालतंय," भिंग म्हणाला. 

"मग रिपोर्ट बंद करतो." मिस्त्रीने वाकून कळ दाबली. भिंगचे पाय खुर्चीखाली लटपटत होते ते त्याला दिसले असावेत, कारण तो लगेच सरळ झाला नाही. बंद पडलेल्या मशीनवर टेकून त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"पाचला चार मिनिटं कमी आहेत, काका. उठायची घाई नाही. पुढे काय होतं तेही बघून टाकू."